चिकटवण्याआधी घासा

आमच्या सोलापुरात काहीही मोडलं की सल्ला ठरलेला असतो, 'अ‍ॅराल्डाइट लाव की!' आणि चार दिवसांनी जोड सुटला की तोच सल्लागार म्हणतो, 'लोखंड कधी डिंकानं चिकटतं का?' मंडळी, मला ही दोन्ही वाक्यं पटत नाहीत. पहिल्यात आंधळा विश्वास आहे, दुसऱ्यात आंधळा अविश्वास.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. रसायनशास्त्र माझा विषय नव्हे. पण निवृत्तीनंतर हाताशी वेळ भरपूर. तेव्हा थोडं वाचलं, फिटर मंडळींना विचारलं, घरच्या मोडक्या वस्तूंवर करून पाहिलं. त्यातून जे मत बनलं ते इथे मांडतो.

धातू चिकटवणं हा काही जुगाड नाही. इंग्लंडात डक्सफर्ड इथे नॉर्मन डी ब्रुइन यांची 'एअरो रिसर्च लिमिटेड' नावाची कंपनी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी विमानातले धातूचे भाग जोडणारा 'रेडक्स' हा चिकटा तयार केला. पुढे 'कॉमेट' या प्रवासी जेट विमानातही तो वापरला गेला. 'अ‍ॅराल्डाइट' हे नावसुद्धा याच कंपनीच्या आद्याक्षरांवरून आलं. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं १९४६ साली ते बाजारात आणलं. भारतातला हा व्यवसाय २०२० साली फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइटनं घेतला. म्हणजे ज्याला आपण डिंक म्हणून हिणवतो, त्याच्या घराण्यात विमानं आहेत!

मग आपल्या हातून जोड का सुटतो? तीन कारणं दिसतात.

पहिलं, प्रमाण. दोन नळ्यांपैकी एकीत रेझिन असतं, दुसरीत हार्डनर. दाराची कडी आणि कोयंडा यांच्यासारखं हे नातं आहे. रेझिनच्या रेणूंना कड्या, हार्डनरच्या रेणूंना कोयंडे. एकेक कडी एकेका कोयंड्यात अडकली की सगळी जाळी घट्ट होते. 'लवकर वाळू दे' म्हणून हार्डनर जास्त घातलं तर कोयंडे रिकामे राहतात आणि जोड कच्चा होतो. साध्या अ‍ॅराल्डाइटला सारख्या लांबीच्या दोन रेघा काढायच्या आणि रंग एकजीव होईपर्यंत घोटायचं. हार्डनर त्वचेला बाधतं, म्हणून बोटानं नाही, काडीनं.

दुसरं, आणि माझ्या मते सर्वांत मोठं, म्हणजे पृष्ठभाग. चिकटा धातूला धरतो. तेलाला, धुळीला, गंजाला नाही. आमच्याकडे यंत्रमागाचे पुष्कळ कारखाने. तिथला कुठलाही सुटा भाग हातात घ्या, बोटं तेलकट होतात. त्यावर अ‍ॅराल्डाइट लावणं म्हणजे तेलावर चिकटवणं. आधी थिनर किंवा स्पिरिटनं पुसायचं, मग पॉलिश पेपरनं चमक मोडून खरखरीत करायचं, पुन्हा पुसायचं, आणि मग त्या जागेला बोट लावायचं नाही. रॉकेलनं पुसणं कामाचं नाही, ते स्वतःच तेलकट पापुद्रा मागे ठेवतं. दहा मिनिटं घासायची आणि एक मिनिट चिकटवायचं, असा हा हिशोब आहे. आपण नेमका उलटा करतो.

तिसरं, धीर. साध्या अ‍ॅराल्डाइटला पूर्ण पक्कं व्हायला चोवीस तास द्यावेत. आमच्या मे महिन्यात ते भराभर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालवावं. गड्ड्याच्या दिवसांतल्या थंडीत हेच काम रेंगाळतं. जोडलेली वस्तू उन्हात ठेवली तर बरं. पण उन्हाचा दुसरा गुणही लक्षात ठेवावा. पक्का झालेला जोडही फार तापला की नरम पडतो. उन्हात तापणारा पत्रा किंवा शेगडीजवळची वस्तू असेल तर विचार करावा.

आता मर्यादा. हा जोड सरकवणाऱ्या जोराला चांगला टिकतो, पण भाकरीचा पापुद्रा सोलावा तसं एका कडेनं ओढलं की हार मानतो. हादऱ्यांशीही त्याचं जमत नाही. मागावरचं झाकण चिकटवावं. पण धोट्याला फेकणारा, दर मिनिटाला शेकडो धक्के खाणारा भाग नाही. कुकरचा दांडा नाही, गॅसचा कुठलाही भाग नाही. मध्यंतरी आमच्या गल्लीतला एक मुलगा स्कूटरच्या ब्रेकचा तुटलेला दांडा चिकटवून मोठ्या अभिमानानं दाखवायला आला. जोड सुबक होता. तरी मी त्याला नवा दांडा आणायला पाठवलं. जोड चुकला तर जिथे माणूस जातो, तिथे घरगुती जोड चालत नाही.

हे मी भीती घालायला म्हणत नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग आकाशातच उडून गेला. एका हवाई सेविकेचा जीव गेला. पत्र्यांच्या जोडांतलं इपॉक्सी सुटलं होतं, ओल शिरून गंज चढला होता, भार रिव्हेटांवर येऊन त्यांच्या भोकांपाशी तडे गेले होते. आणि तपासणीत हे वेळेवर पकडलं गेलं नाही. जिथे कारखाना होता, तज्ज्ञ होते, तिथे हे झालं. मग आपण अंगणात बसून केलेल्या जोडावर किती भरवसा टाकायचा?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दुरुस्ती जरूर करावी. डाग देणारे, कल्हईवाले दिसेनासे होत चालले असताना मोडलेलं सरळ भंगारात टाकण्यापेक्षा दोन नळ्या घेऊन बसणारा माणूस मला जवळचा वाटतो. पण शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं करवून घेतो, तसा एक तास याचाही असावा. दोन पत्रे, एक घासलेला, एक तसाच. दोन्हींवर पट्टी चिकटवा, दुसऱ्या दिवशी ओढून बघा. मुलं जे शिकतील ते पुस्तकातून शिकवता येणार नाही.

जोड सुटला की आपण नळीला दोष देतो. पण तो बहुतेक वेळा न घासलेल्या धातूचा आणि न थांबलेल्या माणसाचा असतो. असो. तुमच्या घरात काय मोडून पडलंय? आधी पॉलिश पेपर शोधा.