विश्लेषण : स्पंजातील जिवाणूंच्या जनुकांवर हक्क कोणाचा?

राष्ट्रीय हद्दीपलीकडील सागरी जैवविविधतेविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १७ जानेवारी २०२६ पासून अमलात आला. सागरी जीवांच्या जनुकांपासून होणाऱ्या लाभाची वाटणी हा त्याचा गाभा असून भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली आहे. मात्र औषधसंशोधनात मोलाचे ठरलेले समुद्री स्पंज कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगतही आढळतात. तेथे हा करार लागू नाही. तेथील हक्काचा प्रश्न देशातील कायद्यानेच सोडवावा लागेल.

स्पंज हा खडकाला चिकटून, पाणी गाळून जगणारा प्राणी. पळता येत नसल्याने तो रसायनांच्या आधारे तग धरतो. जपानी स्पंजातील हॅलिकॉन्ड्रिन या द्रव्यावरून बेतलेले एरिब्युलिन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध २०१० साली अमेरिकेत मंजूर झाले. पण मूळ संशोधनात तब्बल ६०० किलो स्पंजातून जेमतेम १२.५ मिलिग्रॅम द्रव्य हाती आले होते. औषध अखेर प्रयोगशाळेतच घडवावे लागले.

हॅलिकॉन्ड्रिन हे प्रथिन नव्हे. प्रथिनांची गोष्ट निराळी, कारण त्यांचा आराखडा थेट जनुकात असतो. थिओनेला स्पंजातील पॉलिथिओनामाइड ही विषारी पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांचीच धाकटी भावंडे, स्पंज नव्हे तर त्याच्यातील एन्टोथिओनेला हा सहजीवी जिवाणू बनवितो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. असे जिवाणू प्रयोगशाळेत सहसा वाढत नाहीत. म्हणून त्यांचे जनुक टाकीत वाढणाऱ्या दुसऱ्या जिवाणूत बसविण्याकडे संशोधकांचा कल असतो.

सूक्ष्मजीवांकडून असे काम करवून घेण्याची अभियांत्रिकी देशाला नवी नाही. पानिपत येथील इंडियन ऑइलच्या प्रकल्पात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनते ते विकरांच्या, म्हणजे प्रथिनांच्याच, साह्याने; तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पश्चिम किनाऱ्यावरील स्पंजांचा अभ्यासही जुना आहे. शोधनिबंध निघाले, उणीव आहे ती प्रयोगशाळा आणि टाकी यांना जोडणाऱ्या दुव्याची.

खरी अडचण पुढे आहे. जनुकक्रम एकदा संगणकावर चढला, की स्पंजाचा तुकडाही देशाबाहेर न्यावा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याचा भर प्रत्यक्ष जैविक साधनांवर होता. २०२५ च्या लाभवाटप नियमावलीने डिजिटल जनुकक्रमही कक्षेत घेतला, हे योग्यच झाले. तरीही एखादा क्रम मालवणच्या खडकावरील स्पंजातला आहे, हे दाखवायचे कसे? त्यासाठी स्थळ आणि दिनांकासह जनुकीय नोंद आधीच आपल्याकडे असायला हवी. हे काम संशोधन संस्थांवर सोपवून भागणार नाही. किनाऱ्यावरील गावांच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत स्पंजाचा उल्लेखच नसेल, तर उद्या वाटा मागताना तेथील समित्यांच्या हाती कोणताच आधार उरणार नाही.