फुटबॉलवर कॉलेजची फी निघते का?

आपल्या मंडळातल्या ज्या घरांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, तिथे हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. नात शाळेच्या संघातून फुटबॉल छान खेळते, मग कॉलेजची फी त्यावर निघेल ना? (तिकडे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळायचा खेळ, आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात.) लहान कॉलेज असेल तर आमचे उत्तर नकारार्थी आहे.

अमेरिकेत कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेचे तीन विभाग आहेत. तिसऱ्यात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, चारशेहून अधिक कॉलेजे आहेत, बरीचशी लहान आणि खासगी. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास नियमानेच बंदी आहे. गुण आणि घरची परिस्थिती पाहून मदत मिळते, पण ती न खेळणाऱ्यालाही त्याच निकषांवर मिळते. वरच्या विभागात मात्र जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. २०२५-२६ या वर्षी एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मुभा होती.

आम्ही आयुष्यभर ताळेबंद वाचले, म्हणून आमचे लक्ष दुसरीकडे जाते. मोठ्या कॉलेजात खेळाडू खर्चाच्या बाजूला असतो, लहान कॉलेजात जमेच्या. हजार-बाराशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजात मुलांच्या संघात तीस आणि मुलींच्या संघात तीस धरले, तर साठ प्रवेश झाले आणि साठ जणांची फी आली. म्हणूनच पैशाची ओढाताण असतानाही काही कॉलेजे नवे संघ काढतात. किती खेळाडू आणायचे याचे उद्दिष्ट प्रशिक्षकाला दिले जाते. मार्चअखेर ठेवींचे टार्गेट ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे वेगळे समजवायला नको.

मुलींच्या संघाला १९७२ च्या टायटल नाइन कायद्याचाही आधार आहे. हेल्मेटवाल्या खेळात शंभरभर मुलगे लागतात, मुलींचा तसा संघ नसतो. तो तोल सावरायला मुलींचे सॉकर उपयोगी पडते. पण दर्जा कमी असतो असे नाही. पेनसिल्व्हेनियातील मसाया कॉलेजच्या दोन्ही संघांनी २००५, २००८, २००९ आणि २०१२ अशी चार वेळा एकाच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. २०२२ मध्ये शिकागो विद्यापीठाचा मुलांचा संघ जिंकला, तेव्हा प्रशिक्षक ज्युलियन सिच ही महिला होती. मुलांच्या संघाला असे विजेतेपद मिळवून देणारी ती पहिलीच.

शिष्यवृत्ती नसण्यात एक फायदाही आहे. दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावला किंवा खेळ सोडला, तरी मिळालेली मदत त्यामुळे बंद होत नाही.

धोका दुसराच आहे. अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज ३१ मे २०२४ रोजी कायमचे बंद झाले, आणि त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता! तेव्हा मैदान बघण्याआधी कॉलेजची विद्यार्थीसंख्या गेली पाच वर्षे वाढते आहे की घटते आहे, ते मुलांना विचारायला सांगा. मदतीचे पत्र आले की ती रक्कम एका वर्षाची आहे की चारही वर्षांची, आणि ती टिकवायला किती गुण लागतात, हे वाचून घ्या. प्रशिक्षकांच्या गोड फोनला उत्तर त्यानंतर दिले तरी चालेल.