पांदण, सायकल आणि आम्ही सुशिक्षित

गेल्या दिवाळीच्या सुटींत हिंगोली शहरांतील एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत आम्हांस फ्रान्स देशाचें दर्शन घडलें. तें कुटुंब नुकतेंच तिकडून परतलें होतें. ल्वार नदीच्या कांठानें त्यांनीं चार दिवस भाड्याच्या सायकलींवर प्रवास केला होता. झाडींतून जाणारी खडीची वाट, मध्येंच लागणारें खेडें, खेड्यांतील जुनें चर्च, दगडी पूल, अशीं छायाचित्रें मोबाइलवर एकामागून एक सरकत होतीं. शेवटीं गृहस्थांनीं सुस्कारा सोडून म्हटलें, "आपल्याकडे असें कांहींच नाहीं हो!" मंडळींनीं माना डोलावल्या, चहा आला, विषय संपला. आमच्या मतें तो तेथेंच सुरू व्हावयास हवा होता. कारण त्या दिवाणखान्यापासून सायकलीनें अर्ध्या तासाच्या आंत गांठतां येईल अशी कयाधू नदी वाहत होती, आणि जमलेल्या मंडळींपैकीं एकानेंहि तिचा कांठ चार मैल सलग पाहिलेला नव्हता.

तिकडे काय आहे तें आधीं नीट पाहूं. ल्वारकांठचा सायकलमार्ग सुमारें ९०० किलोमीटर लांबीचा आहे. तो कोणा देवदूतानें अंथरलेला नाहीं. नदीचे बांध, शेतांतील जुन्या वाटा व कमी रहदारीच्या सडका एकमेकींस जोडून, जागोजाग पाट्या लावून, तो सार्वजनिक संस्थांनीं सिद्ध केला आहे. असल्या खडीच्या वाटांसाठीं अलीकडे 'ग्रॅव्हल बाइक' नांवाची सायकल निघाली असून तिचें मोठें कौतुक चाललें आहे. २०२२ सालीं तिच्या जागतिक अजिंक्यपदाची शर्यत इटलींत प्रथमच झाली. तिचें मुख्य वैशिष्ट्य म्हणजे रुंद टायर. तो बहुधा ४० मिलिमीटरांच्या आसपास असतो. आतां वाचकांनीं आपल्या वडिलांची किंवा दूधवाल्याची ती काळी उभी सायकल आठवावी. तिच्या टायरावर २८ व दीड असे इंचांचे आंकडे असत. त्या दीड इंची टायराची प्रमाणित रुंदी ४० मिलिमीटरच धरतात! गिअर, ब्रेक व वजन यांत अंतर आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु खडबडीत वाटेवर रुंद टायर हवा, ही अक्कल आमच्या दूधवाल्यास कोणी परदेशांतून शिकविली नव्हती. जें यंत्र आम्हीं दारिद्र्याची खूण म्हणून अडगळींत टाकलें, त्याच्याच भाचरास आज आम्ही लाख रुपये मोजावयास तयार आहों.

आणि ही खूण किती खोल रुजली आहे! गेल्या फाल्गुनांत आम्ही सायकलीवरून नर्सीकडे जात असतां वाटेंतील प्रत्येक गांवीं एकच प्रश्न आला, "काहून हो सर, गाडी बिघडली का?" प्राध्यापक सायकलीवर दिसला म्हणजे त्याची मोटार बिघडलेली असली पाहिजे, दुसरें कारण संभवतच नाहीं!

कयाधू ही कांहीं मोठी नदी नव्हे. वाशीम जिल्ह्याकडून येऊन सेनगांव, हिंगोली व कळमनुरी तालुक्यांतून ती पैनगंगेकडे जाते. उन्हाळ्यांत पात्रांत डबकींच उरतात. परंतु तिच्याच तीरावर नर्सी आहे, आणि नामदेवांचें जन्मगांव म्हणून महाराष्ट्र त्या गांवास वंदन करितो. २०१५ सालीं पंजाबांत घुमान येथें मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां आमच्या वर्गांतील कित्येक रसिक आगगाडीनें तिकडे गेले व नामदेवांच्या भ्रमणावर भाषणें ऐकून आले. नामदेवांचें भ्रमण पायीं झालें होतें, एवढी गोष्ट मात्र भाषणांतच राहिली. पुढें २०२२ सालीं वारकऱ्यांनीं पंढरपुराहून घुमानपर्यंत सायकलवारी काढली. अर्थात् परंपरा कोणास अधिक कळली, हें वाचकांनींच ठरवावें.

हिंगोलीहून नर्सीस मोटारींतून जाणाऱ्यास फारसें कांहीं दिसत नाहीं. पांदणीनें जाणाऱ्यास काय दिसतें? दोहों बाजूंस बोरी-बाभळी, हरभऱ्याची काढणी, शिजविलेल्या हळदीचा वाऱ्यावर येणारा तो उग्र, ओला वास. तेथून औंढ्याच्या बाजूस वळून डोंगर चढूं लागावें, तों पानगळ झालेल्या सागाच्या विरळ रानांत पळस पेटलेला, आणि टेकडीच्या उतारावर रोह्यांचा कळप मान वर करून उभा. याच औंढा नागनाथ तालुक्यांत गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा, प्रत्येकीं ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची, उभारण्यास २०२३ सालीं केंद्र सरकारनें मंजुरी दिली. येथील भूमि स्थिर व शांत आहे, म्हणून शास्त्रज्ञांनीं ती निवडली. त्यांस ही शांतता ऐकूं आली. आमच्या दिवाणखान्यास ती ऐकूं येत नाहीं.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप उन्हाचा व मातीचा. तो खरा आहे. पावसाळ्यांत येथील काळी माती चाकांत व ब्रेकांत अशी भरते कीं सायकलीनें माणसास नेण्याऐवजीं माणसानेंच सायकल खांद्यावर न्यावी. वैशाखांत दहा वाजल्यानंतर बाहेर पडणें वेडेपणाचें. तथापि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे पांच महिने आम्हांस कोणीं नाकारले आहेत? दुसरा आक्षेप, हें श्रीमंतांचें खूळ आहे. मुंबईहून १९२३ सालीं निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकीं हकीम, बापसोला व भुमगरा हे तिघे १९२८ सालीं सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आले. त्यांस डांबरी सडक कोठें मिळाली होती? आणि मानव विकास कार्यक्रमांतून मिळालेल्या सायकलीवर बसून शाळेस जाणारी खेड्यांतील मुलगी, ती काय खूळ म्हणून जाते?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. "तुम्हां मोटारवाल्यांस रविवारीं गंमत वाटावी म्हणून गांवकऱ्यांनीं धुळींत राहावें काय? अडलेल्या बाळंतिणीस पळस दाखविणार काय?" या प्रश्नापुढें आम्ही मान खालीं घालतों. गांवास जोडणारी मुख्य सडक पक्कीच हवी, आणि ती आमच्या गंमतीसाठीं एक दिवसहि थांबूं नये. परंतु पांदणीचा प्रश्न निराळा आहे. गांवांतून शेतांत, एका शिवारांतून दुसऱ्या शिवारांत नेणाऱ्या या वाटांस डांबराचें वैभव नको आहे. मुरूम, दोहों बाजूंस पाणी काढून देणारी नाली, आणि सर्वांत आधीं त्यांची रुंदी त्यांस परत हवी आहे.

येथेंच आमच्या म्हणण्याचें मर्म आहे. गांवनकाशांत पायवाट तुटक एका रेषेनें व गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनें दाखवितात. कागदावर ती दुहेरी रेषा जशीच्या तशी आहे. जमिनीवर मात्र दोहों बाजूंचे बांध दरसाल एकेक तास आंत सरकत आहेत. कायदा नाहीं असें नव्हे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वयें अडविलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदारांस आहे. परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा लावावा लागतो. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाचें १४३ वें कलम बांधावरून जाण्याच्या हक्काचा निवाडा करण्यासाठींच आहे. २०२१ सालीं मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजनाहि निघाली. सर्व आहे, नाहीं तो साक्षीदार. ज्या वाटेनें एकटा गरीब कुळंबी जातो, ती बुजली तर तो एकटाच ओरडतो, आणि सहा महिने सुगी, बाजार व लग्नसराई यांत निघून जातात. फ्रान्समध्यें १९८३ च्या कायद्यानें भ्रमणमार्गांचा आराखडा करण्याचें काम जिल्हावार सोंपविलें. त्यांत नोंदलेली ग्रामवाट विकावयाची झाल्यास तिच्या बदलीं दुसरी वाट द्यावी लागते. तेथें फिरणारे पुष्कळ आहेत, म्हणून वाटेस वाली आहे. वाट पायांनीं जिवंत राहते. आम्हीं आपले पाय काढून घेतले.

नर्सीहून परततांना आमची पांदण एका ताज्या नांगरटींत जाऊन संपली. पलीकडून हळदीचीं पोतीं डोक्यावर घेऊन दोन माणसें बांधाबांधानें येत होतीं. वाट कोठें गेली, असें विचारतां त्यांतील वृद्ध हंसून म्हणाला, "वाट हाय की सर, नकाशात हाय."

त्या हंसण्यानें आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. घरीं येऊन आम्हीं वडिलोपार्जित शेताचा नकाशा काढला. तेथेंहि ती तुटक दुहेरी रेषा होती. आमच्या लहानपणीं पांदणीच्या कडेला उभा असलेला निंब आज आमच्या पिकांत उभा आहे. हें कोणीं केलें? बटईदारानें, असें म्हणणें सोयीचें आहे; परंतु त्या चार तासांचें धान्य आमच्याच घरीं येत होतें. आम्हीं मोजणीचा अर्ज दिला आहे. धाकटे बंधु त्या दिवसापासून आमच्याशीं नीट बोलत नाहींत. फ्रान्सचें कौतुक करणें स्वस्त पडतें, हें आम्हांस त्यामुळें चांगलें कळलें.

म्हणून आमच्या वाचकांस विनंती इतकीच. भूमिअभिलेख कार्यालयांतून आपल्या गांवचा नकाशा मागवावा. अडगळींतील सायकल दुरुस्त करून घ्यावी. आणि येत्या थंडींत मुलाबाळांसह त्या तुटक रेषांवरून जाऊन पाहावें. वाट जेथें संपेल तेथें उतरावें, आणि बांध कोणाचा आहे तें विचारावें. तो आपलाच निघण्याचा संभव आहे, एवढी सूचना आम्ही आधींच देऊन ठेवतों.