अशोकाचे तीन दिवस आणि आमचे कच्चे कैदी

अशोक विजयादशमी आली की दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. गावोगावच्या विहारांवर पंचशील ध्वज चढतो, आणि प्रत्येक व्यासपीठावरून कलिंगाची कथा सांगितली जाते. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख बंदी करून नेली गेली आणि जिंकलेल्या राजाला पश्चात्ताप झाला. राजानेच हे तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. पण आमचे बहुतेक वक्ते पश्चात्तापापाशीच थांबतात. पश्चात्तापानंतर राजाने कारभारात काय बदलले, हा प्रश्न कोर्टात उभे राहणाऱ्या आम्हा मंडळींना अधिक मोलाचा वाटतो.

ज्या कलिंगात रक्त सांडले, तिथे धौली आणि जौगड येथे तेरावा लेख कोरलेलाच नाही. त्याऐवजी तोसलीच्या न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्यांना दिलेला हुकूम आहे. सर्व माणसे माझी लेकरे आहेत, असे सांगून राजा थेट मुद्द्यावर येतो. एखाद्या माणसाला विनाकारण कैद होते, त्याचा छळ होतो, आणि त्याच्यामुळे इतरांनाही त्रास होतो, हे तो मान्य करतो. असे का होते? ईर्ष्या, क्रोध, निष्ठुरता, घाई, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा यांमुळे. अडीच हजार वर्षांजवळ जाणारी ही यादी! आजच्या कोणत्याही पोलीस ठाण्याच्या भिंतीवर ती लावली तर एक शब्दही बदलावा लागणार नाही. राजा एवढ्यावर थांबत नाही. कैद विनाकारण होऊ नये म्हणून दर पाच वर्षांनी तो कठोर नसलेला अधिकारी तपासणीला पाठवतो. हुकूम तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, ऐकायला एकच माणूस असला तरी वाचावा, असेही बजावतो.

दिल्लीत फिरोजशाह कोटला म्हटले की लोकांना क्रिकेटचे मैदान आठवते. त्याला लागून असलेल्या पडक्या किल्ल्यात अशोकाचा स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो टोपऱ्याहून आणवला. त्यावरच्या चौथ्या लेखात व्यवहार-समता आणि दंड-समता हे दोन शब्द आहेत. खटला चालवण्यात समानता, शिक्षा देण्यात समानता. सर्वोच्च न्यायालय तिथून फार दूर नाही. त्याच लेखात, देहदंड ठरलेल्या कैद्याला तीन दिवसांची सवड दिली आहे, म्हणजे नातलगांना त्याच्या जिवासाठी दाद मागता यावी.

अशोकाने देहदंड रद्द केला नाही, हेही सांगितले पाहिजे. अटवीतल्या लोकांना त्याने धाकही दाखवला आहे. बाबासाहेबांनी आम्हाला तपासून स्वीकारायला शिकवले. सम्राटालाही त्यातून सूट नाही. तरीही, पुढे मनुस्मृतीने एकाच गुन्ह्याला वर्ण पाहून शिक्षा सांगितली, ब्राह्मणाला देहदंडाऐवजी मुंडण पुरेसे मानले, तेव्हा देश किती मागे ढकलला गेला हे दंड-समता या शब्दावरून कळते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले ते हे होते. स्त्रियांच्या कामासाठी वेगळे महामात्र नेमणारा राजा आणि स्त्रीला स्वातंत्र्य नाकारणारा ग्रंथ एकाच भूमीतले आहेत, हे आमच्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

आज काय चित्र आहे? २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार, म्हणजे शंभरातले पंचाहत्तरहून अधिक, कच्चे कैदी! गुन्हा सिद्ध झालेला नाही, तरी आत. त्यांत आमच्या समाजाचे लोक लोकसंख्येतील वाट्याहून अधिक आहेत. आणि आत गेल्यावरही जात सुटत नव्हती. झाडलोट कोणी करायची, स्वयंपाक कोणी करायचा, हे काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्या जात पाहून ठरवत होत्या. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. नियम गेले, बराकीतली सवय जाते की नाही, ते पाहायला कोण जाणार?

जामीन मंजूर होतो आणि माणूस आतच राहतो, हे आम्ही रोज पाहतो. कारण जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, नाहीतर ऐपतीचा दाखला हवा. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला जमीन मिळू दिली नाही, त्याने सातबारा आणायचा कुठून? धम्ममहामात्रांनी कैद्याला पोराबाळांचा भार आहे का, तो म्हातारा आहे का, हे पाहून सुटकेसाठी झटावे, असे पाचवा शिलालेख सांगतो. त्याने जमीन विचारली नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने एक वाट दिली आहे. पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावे. इतरांसाठी मर्यादा निम्म्याची. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळले आहेत. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या खटल्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. पण अधीक्षक आपण होऊन दिवस मोजतील, या भरवशावर राहू नका.

म्हणून या विजयादशमीला प्रत्येक विहार कमिटीने एक वही घालावी. वस्तीतला कोण आत आहे, अटक कधी झाली, कलमे कोणती, पूर्वी शिक्षा झाली होती का, दुसरा खटला आहे का, एवढेच लिहावे. दोषारोपपत्राची प्रत असल्यास सोबत ठेवावी. रविवारच्या वंदनेनंतर वही घेऊन जवळच्या आपल्या वकिलाकडे जावे. दिवस मोजायला अर्धा तास लागतो. त्याची फी आम्ही घेत नाही.