पेट स्कॅनचे पैसे जमतात, पण मशीनची तपासणी कोण विचारतो?

२०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. केमोसाठी परळच्या फेऱ्या कमी होणार असतील तर भिवंडी-दापोड्याच्या रुग्णांना ते हवंच आहे. पण केमो लागू पडतेय का, हे बऱ्याचदा पेट स्कॅनवर ठरतं. आणि त्या स्कॅनची चर्चा आपल्याकडे फक्त खर्चापुरती होते. जकातीतून, जमातीतून पैसे जमवले, रिपोर्ट आला, विषय संपला.

रिपोर्टमध्ये एसयूव्ही नावाचा आकडा असतो. गाठीने किरणोत्सारी साखर किती ओढून घेतली, त्याचं ते माप. केमोआधीचा आणि नंतरचा आकडा डॉक्टर ताडून पाहतात. तो निघतो रुग्णाचं वजन, दिलेला डोस आणि वेळ यांवरून. यात वापरलेल्या फ्लोरिन-१८ चा जोर ११० मिनिटांत निम्मा होतो. म्हणून डोस मोजण्याच्या खोलीतलं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यांत १० मिनिटांचा फरक पडला, तरी आकडा साधारण ६ टक्क्यांनी हलतो. एवढ्याने उपचार बदलणार नाहीत, मान्य. पण वजनही तोंडी विचारून लिहिलं आणि डोस मोजणारं यंत्रही चुकत असलं, तर? आजार तिथेच, आकडा मात्र वेगळा.

त्यासाठीच पहिला रुग्ण आत घेण्याआधी टेक्नॉलॉजिस्टने यंत्रं तपासायची असतात. डोस मोजणारं यंत्र सीझियम-१३७ ने, पेट स्कॅनर बहुधा जर्मेनियम-६८ ने. गॅमा कॅमेऱ्यासमोर कोबाल्ट-५७ ची शीट ठेवतात, चित्र सगळीकडे सारखं यायला हवं. आतली एखादी ट्यूब कमजोर झाली की तिथे डाग दिसतो. थायरॉइडच्या स्कॅनमध्ये असा डाग गाठ वाटू शकतो.

एईआरबीच्या नियमांनुसार पात्र टेक्नॉलॉजिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असल्याशिवाय असं केंद्र चालवता येत नाही. त्याच बजेटमध्ये पाच वर्षांत ७५,००० मेडिकल सीट वाढवण्याची भाषा होती. डॉक्टर वाढतील, पण मशीन तपासणारे हात कुठून येणार? परळला बीएआरसीचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, तिथे बीएस्सीनंतर याचं शिक्षण घेता येतं. आमच्या उर्दू शाळांतून सायन्सला गेलेली मुलं-मुली बीएस्सी झाली की बीएडकडे वळतात (मीही वळलो, त्यात वाईट काही नाही), नाहीतर गोदामात कॉम्प्युटर एंट्रीला लागतात. परळचा हा रस्ता त्यांना कुणी सांगतच नाही.

तोवर रुग्णासोबत जाणाऱ्यांनी एवढं करावं: वजन काट्यावरच करायला सांगा, दोन्ही स्कॅन शक्यतो एकाच मशीनवर करून घ्या, आणि जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको.