दाजिबाला सोवळे कशाला?

आपल्या पट्ट्यातल्या, म्हणजे बऱ्हाणपूर, शहापूर, नेपानगरपासून पार खंडव्यापर्यंतच्या मराठी घरांत मराठी गाण्याची एक शिवाशीव पाळली जाते. ती कोणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना पाढ्यासारखी पाठ आहे. 'गीतरामायण' देवघरापाशी. भावगीत बैठकीच्या खोलीत. नाट्यपद आजोबा हयात असतील तर. लावणी दार लावून. आणि ज्याला 'अल्बम' म्हणतात ते, म्हणजे एखाद्या तरुण गायकाने किंवा गायिकेने सिनेमाचा आधार न घेता स्वतःच्या नावावर काढलेले, पाय धरतील अशा ठेक्याचे मराठी गाणे, ते मात्र अंगणाबाहेर. कानावर पडले तरी आपण ऐकलेच नाही असे दाखवायचे.

ही शिवाशीव मी मुकाट्याने पाहत आलो. पण गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधीच्या पालकसभेत ती शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत शिरू पाहू लागली, तेव्हा लेखणी उचलणे भाग पडले. नववीच्या मुलींनी 'ऐका दाजिबा'वर नाच बसवला होता. सभेतले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, "हेडमास्तर, हे आपल्या संस्कृतीला शोभत नाही." बऱ्याच माना हलल्या. त्याच पत्रिकेत खाली एक पंजाबी गाणे होते. त्याचा अर्थ सभेत एकालाही सांगता आला नसता. त्याला कोणी हरकत घेतली नाही. त्या गृहस्थांचे नाव मी सांगत नाही, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना ते आपलेच वाटेल.

मुळात हा 'ऐका दाजिबा' आहे तरी काय? २००२ साली 'सागरिका' कंपनीने काढलेला अल्बम. गायिका वैशाली सामंत, संगीत अवधूत गुप्ते यांचे. चाल आपल्या लोकगीताच्या वळणाची, तिच्याखालचा ठेका मात्र नव्या वाद्यमेळाचा. गाण्याची चित्रफीत केली, तीत मिलिंद गुणाजी आणि ईशिता अरुण. मराठी खासगी गाण्यासाठी हिंदीच्या तोडीची चित्रफीत काढायची, हेच तेव्हा धाडस होते. ते फळले. ज्या घरात मराठी वृत्तपत्र येणे केव्हाच बंद झाले होते तिथल्या पोरांच्या तोंडी दाजिबा बसला. वरातीत बँडवाले ते वाजवू लागले, आणि आपल्याकडचे बँडवाले मराठी गाणे मागितल्याशिवाय वाजवत नाहीत हे ज्यांनी इथे लग्ने काढली त्यांना ठाऊक आहे.

पुण्यामुंबईच्या विद्वानांनी नाके मुरडली. त्यांना ते परवडते. त्यांच्या खिडकीखालून भाजीवाला मराठीत ओरडत जातो, बसचा कंडक्टर मराठीत खेकसतो. तिथे एक गाणे कमी झाले तर काही बिघडत नाही. इथे बिघडते. आमच्या त्या नाचातल्या एका मुलीने, चांगल्या मराठी घरातल्या, तालमीच्या दुसऱ्या दिवशी मला विचारले, "सर, दाजिबा म्हणजे जिजाजीच ना?" तिच्या घरी आत्याची केव्हाच बुआ झाली आहे, वहिनीची भाभी, दाजींचे जिजाजी. आईवडील दोघेही मराठी, पण नात्यांची नावे हिंदी. मामा तेवढा वाचला, तोही दोन्ही भाषांत सारखाच म्हणून. चाळीस वर्षांच्या मराठी मंडळाने, त्याच्या कोजागरीने आणि हळदीकुंकवाने जो शब्द त्या पोरीपर्यंत पोचवला नाही, तो एका अल्बमने पोचवला. आणि आम्ही सभा भरवून तो अल्बम बाहेर काढायला निघालो होतो!

आता संस्कृतीचेच बोलायचे तर जरा मागे जाऊ. खासगी गाणे हा काही कालपरवाचा चाळा नाही. मराठीत तो थोर वडीलधाऱ्यांचा वारसा आहे. ज्या भावगीताला आपण आज बैठकीत मानाचा पाट देतो ते जन्मले कसे? आपल्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे ना. घ. देशपांडे, पेशाने वकील. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३२ साली एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रिकेवर गायली. नाटक नाही, सिनेमा नाही, देवाचे नाव नाही. एका माणसाची कविता, दुसऱ्याचा गळा आणि तीन मिनिटांची तबकडी. त्या तीन मिनिटांत बसावे म्हणून कवितेची कडवी कमी करायची, ध्रुवपद पुन्हा पुन्हा घोळवायचे. आज ज्याला आपण भावगीताची रचना म्हणून शिकवतो ती बरीचशी त्या तबकडीच्या मापाने बेतलेली आहे. हा अल्बम नाही तर काय? रानात प्रियकराची शीळ ऐकून जीव वेडावणारी मुलगी त्या काळच्या सोवळ्या घरांना काय वाटली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. तीच कविता पुढे पाठ्यपुस्तकाच्या लायकीची झाली आणि त्याच नानासाहेबांना १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

'गीतरामायण' तरी कोठे सिनेमातून आले? १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत, अशी छप्पन्न गीते. गदिमांनी लिहायची आणि सुधीर फडक्यांनी चाल लावायची, बहुतेक वेळा घड्याळ डोक्यावर टांगलेले असताना. तेव्हा तेही नवेच होते.

आमच्या पिढीला मात्र हे सगळे मिळाले ते ध्वनिफितीतून, आणि त्यामागे भूगोल आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती आणि राज्यकारभारात मराठीला हिंदीच्या बरोबरीने जागा होती. त्या तारखेनंतर भोपाळ आले. स्टेशनच्या पाटीवर 'बुरहानपुर', घरात 'बऱ्हाणपूर', तेव्हापासून हे असेच चालले आहे. पुढे दूरदर्शन आले, पण आपल्या छतावरच्या अँटेनात दिल्ली आणि भोपाळ. मराठी नाटक, मराठी गाणी हे सगळे तिकडे, रावेरच्या पलीकडे. जळगाव आकाशवाणी वाऱ्यावर अवलंबून. राहिली ती कॅसेट. भुसावळच्या पॅसेंजरने कोणी पाहुणा येणार असला की खाऊऐवजी कॅसेट मागायची, आणि टू-इन-वनवर दुसऱ्या कोऱ्या कॅसेटमध्ये उतरवून मोहल्लाभर फिरवायची. हे कायद्याने चूक होते हे मला माहीत आहे. पण सरकारने आणि साहित्य परिषदांनी जी वाहतूक केली नाही ती त्या कोऱ्या कॅसेटांनी केली.

त्या वाटेनेच नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'गारवा' आला. शब्द सौमित्रचे, म्हणजे आज ज्यांना नट म्हणून सगळे ओळखतात त्या किशोर कदम यांचे. चाल आणि गळा मिलिंद इंगळे यांचा. या अल्बममध्ये एक गोष्ट अशी केली होती की ती कोणा कंपनीच्या शहाण्या व्यवस्थापकाला सुचली नसती: गाण्याआधी कवी स्वतःच्या आवाजात कविता म्हणतो. सुशिक्षित घोगऱ्या आवाजात, घाई न करता, पावसाविषयी आणि सोडून गेलेल्या माणसाविषयी. मग गाणे. मे महिन्यात पत्रे तापून फुटायला आलेल्या आपल्या गावात, यंत्रमागाच्या खडखडाटात, हिंदी माध्यमातून बी.कॉम. करणारी पोरे मराठी कविता पाठ म्हणताना मी या कानांनी ऐकली आहेत. गाणी नव्हे, मधली कविता! मी एम.ए. झालो तेव्हा मर्ढेकर आणि आरती प्रभू यांच्यावर पेपर लिहिले, पुढे पंचवीस वर्षे मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, छडीचा धाक दाखवून. या अल्बमला छडी लागली नाही. पुढे त्याचा 'सांजगारवा'ही निघाला.

त्या सुमारास मराठी सिनेमा अगदी ओहोटीला लागला होता. नव्या संगीतकाराने जायचे कुठे? अजय-अतुल सुरुवातीला आले तेही अल्बममधूनच, 'विश्वविनायक' घेऊन. देवाचा असल्यामुळे तो आपल्याकडे देवघरात शिरला आणि सोवळ्यातून सुटला. त्यांचेच 'सैराट'चे गाणे २०१६ साली आले तेव्हा इथल्या अग्रवालांच्या आणि जैनांच्या लग्नांतही ते मराठीतच वाजले. दोन वर्षांनी 'धडक'साठी त्याचे हिंदी केले, पण आमच्याकडच्या वराती मराठीवरच नाचत राहिल्या. खासगी अल्बमची ती उमेदवारी नसती तर हे दिवस कुठून आले असते?

आता सोवळ्याची खरी गंमत सांगतो. १९९७ साली आशाताईंनी लेस्ली लुईसबरोबर 'जानम समझा करो' हा पॉप अल्बम काढला. वय चौसष्ट. आपल्या घराघरांत कौतुक झाले, "काय ही बाई, या वयात!" कोणाची संस्कृती बुडाली नाही. त्याआधी दोन वर्षे अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'च्या चित्रफितीत उघड्या अंगाचा नायक म्हणून लाकडी पेटीतून निघाला तो आपला मिलिंद सोमण. तेव्हा आपण अभिमानाने सांगितले की पोरगा मराठी आहे. म्हणजे मराठी माणसाने हिंदीत केले की कर्तबगारी, मराठीत केले की थिल्लरपणा! दलेर मेहंदीने त्याच सुमारास अस्सल पंजाबीत तान मारली. एकाही पंजाबी बापाने ती घराबाहेर काढल्याचे ऐकिवात नाही. त्यांनी ती वाजवली, इतकी वाजवली की आज बऱ्हाणपुरात पंजाबी न येणारा बँडवाला उपाशी मरेल. त्यांच्या गाण्यांचे शब्द काही ज्ञानेश्वरीच्या तोलाचे नसतात. पण आपल्या भाषेची लाज त्यांना वाटत नाही आणि आपल्याला वाटते, विशेषतः हिंदी शेजारी ऐकत असेल तेव्हा. नाव मात्र संस्कृतीचे. किशोरकुमार आपल्या खंडव्याचा, घरी बंगाली, १९८७ च्या 'गंमत जंमत'मध्ये मराठी गायला तर त्याच्या उच्चारासकट आपण ते डोक्यावर घेतले. त्या बंगाल्याला जी सूट दिली ती आपल्या पोरांना द्यायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप भाषेच्या शुद्धतेचा. आधी 'बबल्या'ने खानदेशी बोलीत धुमाकूळ घातला. अण्णा सुरवाडे यांचे ते गाणे, सचिन कुमावत यांनी काढलेले, मोबाइलवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले, आणि आमच्या केळीच्या ट्रॅक्टरांवर तर दुसरे काही ऐकू येईना. मग २०२४ साली आले संजू राठोडचे 'गुलाबी साडी'. हा तर शेजारच्या जळगाव जिल्ह्यातला मुलगा; स्वतः लिहितो, स्वतः गातो, जी-स्पार्क नावाच्या जोडीदाराकडून संगीत करून घेतो. आता कॅसेटही नाही आणि अल्बमही नाही, एकेक गाणे सुटे निघते. त्यात इंग्रजी शब्द आहेत, फोटो आहे, नखरा आहे. आमचे मंडळातले मित्र म्हणतात, ही काय मराठी आहे? मी त्यांना विचारतो, बहिणाबाईंची तरी कुठे पुण्याची होती? आसोद्याच्या त्या माउलीची गाणी सोपानदेवांनी जपून ठेवली, अत्र्यांना दाखवली, १९५२ साली छापली गेली, म्हणून आज ती साहित्य. संजू राठोड बहिणाबाई नव्हे, हे मला कोणी सांगायला नको. पण बोलीला दारात अडवणाऱ्याने बहिणाबाईंच्या तसबिरीला हार घालू नये.

या अल्बमवाल्यांवर माझाही एक राग आहे, आणि तो वेगळा आहे. कॅसेटच्या डबीत घडी केलेला कागद असे, त्यावर कधीकधी गाण्याचे शब्द छापलेले असत. आता मोबाइलवर शब्द सापडलेच तर बहुधा रोमन लिपीत, अशुद्ध. देवनागरी ज्याची हक्काची लिपी आहे असा मुलगा मराठी गाणे इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतो! आपल्या मुलांना मराठी वाचायला नवी लिपी शिकावी लागत नाही. तमिळनाडूतल्या, गुजरातेतल्या मराठी मुलांना लागते. हिंदीची बाराखडी येणाऱ्याला एक 'ळ' तेवढा नवा, आणि तोही निमाडीच्या तोंडी आधीपासून आहेच. एवढी सोपी सोय मिळाली आहे आणि आपण ती वाया घालवतो आहोत. कंपन्यांना चार ओळी नागरीत छापायला काय लागते? आणि आमच्या कवींना, जे दरवर्षी या अंकात मुक्तछंदात एकाकीपणावर लिहितात, एखादे नाचता येईल असे गाणे लिहायला कोणी मना केले आहे?

तर त्या सभेत मी नाच काढला नाही. अट एकच घातली: प्रत्येक मुलीने गाणे आधी वहीत देवनागरीत उतरवून आणायचे आणि न समजलेल्या शब्दांचे अर्थ घरी आजीला विचारून समासात लिहायचे. चौदा मुली होत्या. अकरा वह्या आल्या. तीन घरांत विचारायला कोणी उरले नव्हते, त्यांचे समास मी भरले. यंदा जानेवारीच्या स्नेहसंमेलनात अशी चार गाणी घेतली आहेत, त्यांत एक खानदेशी आहे आणि एक 'गारवा'तले, मधल्या कवितेसकट. ज्यांना ती शोभत नाहीत त्यांनी १५ डिसेंबरच्या आत त्यांच्या पसंतीचे मराठी गाणे आणून द्यावे. अट तीच. शब्द वहीत हवेत, नागरीत, आणि ते मुलांना शिकवायला त्यांनी स्वतः शाळा सुटल्यावर रोज एक तास यावे.