मामा, ऑप्शन्सचं काय?

तर झालं असं की, दोन रविवारांपूर्वी भाच्याचा फोन आला. पुण्यात नोकरीला लागून त्याला जेमतेम दीड वर्ष झालंय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मामा, मी एफ अँड ओ सुरू करतोय. तू करायचास ना पूर्वी? जरा बेसिक सांग की. आणि हो, आईला बोलू नकोस."

बेसिक सांगायला मला आवडलंच असतं. (कुणी सल्ला मागितला की माझं काय होतं ते घरच्यांना ठाऊक आहे.) पण ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी थेट २००८ सालात जाऊन पडलो.

तेव्हा मी फ्युचर्स करायचो. २००७च्या दिवाळीपासून जवळजवळ सलग फायदा. ऑफिसातली माणसं जेवणाच्या सुट्टीत मला विचारायला यायची, यातच सगळं आलं. खरं तर त्या दिवसांत डोळे मिटून काहीही घेतलं तरी वर जायचं, पण तेव्हा ते माझं कौशल्य वाटत होतं. मग २१ जानेवारीला सेन्सेक्स १४०८ अंकांनी कोसळला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तो लोअर सर्किट लागून तासभर बंदच पडला. ब्रोकरच्या ऑफिसातून फोन: मार्जिन भरा, नाहीतर पोझिशन कापतो. साधा शेअर घेतलेला असता तर भाव पडला तरी तो डीमॅटमध्ये पडून राहिला असता, वाट बघता आली असती. फ्युचर्समध्ये रोजचा तोटा रोजच्या रोज खात्यातून जातो. वाट बघायलाही पैसे लागतात! मी २ लाख ४० हजारांची एफडी मोडली आणि भरले. मार्चपर्यंत तेही गेले.

बायकोला सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात भरून काढू, मग सांगू, असं करत सात महिने गेले. एक दिवस ती पावती रिन्यू करायला बँकेत गेली आणि तिला काउंटरवर कळलं. घरी आल्यावर पैशांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तू रोज डबा संपवून आणायचास. मला काही कळलंच नाही." आमच्याकडे आजही "ती पावती" म्हटलं की दोघंही गप्प होतो.

असो. भाच्याला मी आधी सेबीचे आकडे सांगितले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या दर १०० सामान्य माणसांपैकी ९३ जणांना तोटा झाला. त्यानंतरच्या २०२४-२५ या वर्षात ९१ जणांना, आणि त्या एका वर्षातला एकूण निव्वळ तोटा १ लाख कोटींच्या वर. तो म्हणाला, "मी उरलेल्या नवांत असेन." (मीही हेच म्हटलं असतं.) म्हणून मग एक गणित घातलं.

समजा निफ्टी २५,०००वर आहे. तुला वाटतंय वर जाणार. तू २५,०००चा कॉल १२० रुपयांना घेतलास. लॉट ६५चा धरू (हा आकडा बदलत असतो, मागच्या काही वर्षांत तो ५०, २५, ७५ असा फिरलाय). म्हणजे ७,८०० रुपये गेले. एक्सपायरीला निफ्टी खरोखरच वर गेला, २५,०८०वर बंद झाला. तुझा अंदाज बरोबर! पण हातात येणार ८० गुणिले ६५, म्हणजे ५,२००. तोटा २,६००, ब्रोकरेज आणि कर वेगळे. बाजार वर जाणार हे ओळखून भागत नाही, किती आणि कधीपर्यंत हेही ओळखावं लागतं. रोज थोडा थोडा प्रीमियम वितळतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

"मग मी ऑप्शन विकेन," म्हणाला. हुशार आहे, आजीवर गेलाय. विकणाऱ्याला बरेचदा थोडे थोडे पैसे मिळतात हे खरंच आहे. पण ३ जून २०२४ला एक्झिट पोलच्या आनंदात निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढला आणि ४ तारखेला निकालाच्या दिवशी जवळजवळ सहा टक्के आपटला. आदल्या दिवशी ज्यांनी निर्धास्तपणे पुट विकले त्यांची कित्येक महिन्यांची कमाई एका दुपारीत गेली असणार. आणि शेअरचे ऑप्शन्स करणार असशील तर तिथे एक्सपायरीला प्रत्यक्ष शेअरची डिलिव्हरी असते, पूर्ण रक्कम उभी करावी लागते, हे नवख्यांना बहुतेक वेळा त्या आठवड्यातच कळतं.

माझं मत विचाराल तर पगारदार माणसाने यात पडूच नये. पण चोवीस वर्षांच्या मुलाला "पडू नको" म्हणून तो थांबत असता तर काय हवं होतं! म्हणून एकच अट घातली. किती पैसे घालवायची तयारी आहे तो आकडा ठरव आणि आधी आईला सांग. कर्ज काढून नाही, क्रेडिट कार्डावर नाही. आणि तोटा झाला की त्याच संध्याकाळी सांग. माझी एफडी त्या दोन दिवसांच्या पडझडीने गेली नाही हो. कुणाला कळायच्या आत भरून काढायची जी घाई होती ना, तिने गेली. घरी माहीत असतं तर मी २३ तारखेला बाजार वर आला तेव्हा सगळं विकून मोकळा झालो असतो.

(तसाही हा व्यवसायाचा नफातोटा धरला जातो, तोटा झाला तरी रिटर्नमध्ये दाखवायचा असतो. म्हणजे सीएला कळणारच. मग आईलाच का नको?)

भाचा जरा फुगला. "बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला. मधला एक रविवार काहीच नाही. मला वाटलं, आता हा कुठल्यातरी टेलिग्राम चॅनेलला विचारणार.

काल रात्री ताईचा फोन आला. साडेदहाला, म्हणजे तिच्या झोपेची वेळ टळून गेल्यावर. धसकलोच. म्हणाली, "अरे, हा पंधरा हजार म्हणतोय. ते ठीक आहे. पण मला एक सांग, लॉट म्हणजे काय?"